नळाची जिवाणी

चंपाबाई लेकीच्या बाळंतपणाला बेळगावच्या कॅम्पात उतरली ती निपाणीच्या आपल्या विहिरीचं तीन घागरी पाणी घेऊन. बाकीच्या आया डिंकाचे लाडू आणतात, दुपटी आणतात. तेही होतंच, पण ते गाठोड्यात बांधून मोटारीच्या टपावर गेलं. घागरी मात्र तोंडाला फडकी बांधून चंपाबाईच्या पायाशी बसल्या, जहागीरदाराच्या पाहुण्यांसारख्या. निपाणी ते बेळगाव रस्त्याला खड्डे किती आहेत ते त्या दिवशी मोटारीतल्या प्रत्येक धोतराला कळलं. उतरताना ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, पुढच्या खेपेला हिरच घेऊन या, आक्का. चंपाबाईनं त्याला सांगितलं की आणली असती, पण तुझ्या मोटारीला ती पेलायची नाही.

चंपाबाईचा नेम साधा होता. म्हणजे तिला तो साधा वाटे. दुसऱ्यांना काय वाटतं हे विचारायची तिच्या घरी पद्धत नव्हती. पाणी प्यायचं ते दुहेरी फडक्यातून गाळून. फडक्यावर जे बारीक जीव अडकतात, दिसोत की न दिसोत, ते गाळलेल्याच पाण्यानं हलक्या हातानं धुऊन तांब्यात घ्यायचे. ही झाली जिवाणी. आणि ही जिवाणी ज्या विहिरीचं पाणी असेल त्याच विहिरीत परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, ओढ्यात नाही, मोरीत तर मुळीच नाही. कुणाचं लेकरू आपल्या दारात चुकून आलं तर ते त्याच्याच घरी पोचवायचं असतं, गावात दिसेल त्या घरात ढकलून मोकळं व्हायचं नसतं, एवढं तरी माणसाला कळावं, असं तिचं म्हणणं. निपाणीत परसातल्या विहिरीशी चाळीस वर्षं हा व्यवहार बिनबोभाट चालला होता. विहिरीनं कधी तक्रार केली नव्हती.

जावयाच्या घरी विहीर नव्हती. नळ होता.

जावई पद्मराज मास्तर मूळचा सदलग्याचा, घर जैनाचंच, त्याच्याही आईनं जन्मभर पाणी गाळलं. पण पोरगा बी. एस्सी. झाला, कॅम्पातल्या शाळेत शास्त्र शिकवायला लागला, आणि तेव्हापासून त्याच्या पाण्यातले जीव गेले व त्यांच्या जागी दोन वायू राहायला आले. वायूंना परत पोचवावं लागत नाही. सोय मोठी.

पोचल्या दिवशीच चंपाबाईनं नळ सगळ्या बाजूंनी पाहून घेतला. भिंतीतून बाहेर आलेला, मान खाली घातलेला, अपराधी माणसासारखा. तिनं जावयाला विचारलं, "जावईबापू, ह्येचं पाणी कुठनं येतं?"

"टाकीतून, आत्ती."

"आन् टाकीत?"

"पाइपातून."

"आन् पाइपात कोण भरतं? देव?"

मास्तर हसला. शहाण्या माणसाला उत्तर येत नसलं की तो हसतो, हे चंपाबाईला ठाऊक होतं. तिचा नवरा वतनाच्या कज्ज्यात वीस वर्षं असाच हसत होता. मास्तर म्हणाला की हे पाणी स्वच्छ असतं, औषध घातलेलं असतं, गाळायचीसुद्धा गरज नाही. चंपाबाई म्हणाली, औषध घातलंय म्हणजे आजारी आहे, आणि आजारी पाणी मला नको. तिनं आपल्या घागरी माजघराच्या कोपऱ्यात मांडल्या, शेजारी चूल मांडली, आणि बाराव्या दिवसाच्या बारशापर्यंत तीन घागरी पुरतात याचा बोटांवर हिशेब केला. अंघोळीला नळ, धुण्याला नळ, बाळाच्या दुपट्यांना नळ. तोंडात जाईल ते फक्त घागरीचं. तिच्या घागरीतली जिवाणी एका वेगळ्या तांब्यात साठत राहिली. ती बाराव्या दिवसानंतर तिच्याबरोबरच मोटारीनं निपाणीला परत जाणार होती.

लेक ब्राह्मी बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली, "आव्वा, माझ्यापेक्षा तांब्याची काळजी जास्त."

"तुला बघायला तुझा नवरा हाय. तांब्याला कोण हाय?"

त्या नवऱ्याला तेव्हा कुणालाच बघायला सवड नव्हती. बाळाच्या दहाव्या दिवशी शाळा तपासायला इन्स्पेक्टर येणार होता, आणि मास्तरची नोकरी कायम करायची की आणखी एक वर्ष टांगून ठेवायची हे त्याच्या शेऱ्यावर होतं. म्हणून मास्तर घरात येरझाऱ्या घालत प्रश्नोत्तरं घोकत असे. पाण्याविषयी सर्वसाधारण प्रश्न, अशी वहीच होती त्याची. पाणी म्हणजे काय? पाणी हा रंगहीन, गंधहीन, रुचिहीन द्रव आहे. चंपाबाई तिकडून लसूण सोलत ऐके. ज्याला रंग नाही, वास नाही, चव नाही त्यावर ही एवढी वही भरली. बरं झालं, याला आमटी शिकवायला लावली नाही.

पाणी कुठून मिळतं, हाही प्रश्न वहीत होता. उत्तर होतं: नदी, तलाव, विहीर आणि पाऊस.

"ह्यातलं तुमच्या नळाला कुठलं?" चंपाबाईनं विचारलं.

मास्तर म्हणाला की ते वहीत नाही.

"मग वही कुणाच्या कामाची? बाईला विचारलं नवरा कोन, तर म्हणायचं गावातला एक पुरुष?"

ब्राह्मी भिंतीकडे तोंड करून हसली. मास्तरनं वही मिटली आणि अंगणात जाऊन पाठांतर चालू ठेवलं.

नवव्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलंच नाही. नळ थोडा खोकला, दोन थेंब टाकले आणि गप्प बसला. पिंपात होतं नव्हतं ते बाळाच्या अंघोळीत गेलं. दुपार कलल्यावर चंपाबाई काढ्याचं सामान आणायला बाजारात गेली. जाताना तिनं पाहिलं होतं, दोन घागरी पालथ्या, तिसरी भरलेली. तीन दिवस निघतात. ती निश्चिंत गेली.

परत आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. माजघरात पाटावर काचेचे बारा-पंधरा पेले ओळीनं मांडलेले, प्रत्येकात निळं-जांभळं पाणी, आणि मास्तर मांडी घालून बसलेला, केस उभे, तोंड उतरलेलं, जणू घरात काही वाईट घडलंय. तिसरी घागर आडवी होती.

चंपाबाईनं आधी तांब्या पाहिला. जिवाणीचा तांब्या जागच्या जागी, फडकं बांधलेलं. मग ती खाली बसली. तिनं आवाज चढवला नाही. तिच्या घरची माणसं सांगत, चंपाक्का ओरडली तर जेवायला बसावं, गप्प बसली तर गाव सोडावं.

मास्तरनं आपण होऊनच सांगून टाकलं. उद्या इन्स्पेक्टरसमोर त्याला एक प्रयोग करून दाखवायचा होता. पोराटोरांना करून दाखवतात तोच, अगदी बाळबोध. पाण्यात निळा लिटमस टाकायचा, वरून पातळ केलेल्या तेजाबाचा एक थेंब, की पाणी लाल. शाळेत शंभर वेळा झालेला; एखादे दिवशी फसला तर भांड्याला दोष. आज घरी रंगीत तालीम करावी म्हटलं, नळ कोरडा, म्हणून घागरीतलं पेलाभर घेतलं. एक थेंब टाकला, लाल नाही. दोन, पाच, दहा. जांभळट होतं, लाल होत नाही. तेजाब शिळं झालं म्हणून नवं कालवलं, नवा पेला घेतला. तेच. लिटमस बिघडला म्हणून तो बदलला, नवा पेला. तेच. पेले धुवायलाही तेच पाणी, असं करत करत, आत्ती.

"करत करत घागर," चंपाबाई म्हणाली.

"तुमच्या हिरीचं पानी बिघडलंय काय तरी," मास्तर म्हणाला. घाबरला की त्याची शाळेची भाषा गळून सदलग्याची वर येई. "शास्त्रात असं हुईत न्हाय."

दुसरं काही म्हणाला असता तर कदाचित निभावलं असतं. विहिरीचं नाव काढलं तिथं चुकलं.

"जावईबापू," चंपाबाई म्हणाली, "ब्राह्मी लगीन हून तुमच्या घरी आली तवा पयल्या दिवशी आमटी कशी झालती?"

मास्तर गोंधळला. आंबट, म्हणाला. फार आंबट झालती, दात आंबले होते, पुढंही मधनंमधनं तशीच होत होती.

"तिला म्या शिकवलं तसंच तिनं केलं. दोन बोटं चिच. निपाणीत आमच्या हिरीच्या पान्याला दोन बोटंच लागत्यात. एक बोट घातली तर आमटीला कळत बी न्हाय. आमची हिर आंबट गिळती. पयला आंबटपणा ती खाती, उरला तर तुमाला देती. तुमच्या नळाला तेवढी ताकद न्हाय. एक बोट चिच घातली की लगेच तोंड वाकडं. ह्ये सांगाय बी. एस्सी. कशाला पायजे? आमटी पुरती."

 मास्तर उठला, रिकामा तांब्या घेऊन अनवाणीच शेजारी राजाबाईकडे गेला. राजाबाई पलटणीतल्या सुभेदाराची बायको. तिच्या पिंपात कालचं नळाचं पाणी होतं. ते आणलं, पेल्यात ओतलं, लिटमस टाकला, तेजाबाचा एक थेंब. पाणी लालभडक.

मग त्यानं चंपाबाईच्या विहिरीच्या पाण्याचा एक पेला पुढे ओढला आणि त्यात थेंब मोजत टाकत राहिला. पाणी दम धरून होतं. बऱ्याच थेंबांनंतर एकदम, काही सूचना न देता, तेही लाल झालं.

मास्तर आता निराळाच दिसत होता. तो म्हणाला की विहिरीच्या खडकातला चुना पाण्यात विरघळलेला असतो, तो तेजाबाला धरून ठेवतो आणि पाण्याचा स्वभाव बदलू देत नाही. असं राखणदार पाणी मोठ्या प्रयोगशाळेत मुद्दाम करतात, त्याला इंग्रजीत बफर म्हणतात. कॉलेजात पुस्तकात वाचलं होतं, पण ते पाणी असं घागरीतून, मोटारीनं येईल असं वाटलं नव्हतं. सोसतं, सोसतं, सोसतं, म्हणाला, आणि त्याची सोसायची ताकद संपली की मग एकदम उलटतं.

"आव्वासारखं," खाटेवरून ब्राह्मी म्हणाली.



मास्तरला आता इन्स्पेक्टरसमोर एक पाणी नको होतं, दोन हवी होती. एक लगेच लाल होणारं, एक न होणारं. अख्ख्या जिल्ह्यात हे कुणी करून दाखवलं नसेल. त्यानं आडव्या घागरीत डोकावून पाहिलं. तळाला तांब्याभर उरलं होतं. मग त्यानं चंपाबाईकडे पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की ते तांब्याभर पाणी म्हणजे या बाईचं बारशापर्यंतचं सगळं पाणी आहे, आणि बाकीचं त्यानंच निळं करून ठेवलंय.

निपाणीहून आणखी मागवायचं तर पत्र पोचेपर्यंत बारसं होऊन जाणार. चंपाबाईचा मुलगा तंबाखूच्या वखारीत, हंगामात त्याला मान वर करायची उसंत नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं.

चंपाबाई उठली. तिनं घागर सरळ केली, धुतलेलं फडकं दुहेरी घातलं, ते तांब्याभर पाणी गाळलं. फडकं उलटं करून जिवाणी आपल्या तांब्यात घेतली. गाळलेलं पाणी मास्तरपुढे ठेवलं.

"ह्ये तुमचं. जिवाणी माझी. पन माझं एक काम करायचं. तुमच्या नळाचं पानी कुठनं येतं ते बघून यायचं. नदी, तलाव, हिर आन् पाऊस न्हाय चालायचं. मला एक जागा पायजे, जिथं जिवाणी सोडता ईल. ती घावली तर मी नळाचं पानी गाळून पीन."

"आणि न्हाय घावली तर?"

"तर निर्जळी. तीनच दिस हाईत. बाराव्या दिशी नातवाचं नाव ठिवाय बसंन. बसाय न्हाय जमलं तर आडवी पडून ठिवीन. नाव आडव्यानं बी ठिवता येतं."

मास्तरनं कबूल केलं. माणूस उद्याच्या इन्स्पेक्टरच्या भयात असला की काहीही कबूल करतो.

दहाव्या दिवशी इन्स्पेक्टर आला, त्यानं दोन्ही पाणी पाहिली. लाल झालेल्याकडे पाहून मान डोलावली, न झालेल्याकडे पाहून जास्त डोलावली, कारण कळलं नाही की जास्त डोलवायची असते. मग म्हणाला, हे आपल्याला ठाऊकच होतं, पण मास्तरांनी ते पोरांना फार सोपं करून सांगितलं. शेरा उत्तम. नोकरी कायम. एक पोरगं उठून म्हणालं, हे न उलटणारं पाणी कुठलं? मास्तर म्हणाला, नैसर्गिक जलस्रोतातलं. सासूच्या घागरीतलं म्हणायला जीभ वळली नाही.

तो पेढ्यांचा पुडा घेऊन सायकलवरून घरी आला. ब्राह्मीनं पुडा घेतला नाही. म्हणाली, आव्वानं काल दिवस बुडायच्या आधीपासून थेंब घेतला नाही. चंपाबाई बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती, ओठ कोरडे, आणि बाळाला सांगत होती की तुझा बाप हुशार आहे, पाण्याचे रंग ओळखतो.

मास्तरनं सायकल अंगणातच फिरवली.

पाण्याच्या कचेरीत त्याला पहिल्यांदा विचारलं, तक्रार काय? पाणी येत नाही? तो म्हणाला, येतं, परत करायचंय. कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाणी परत घ्यायची तरतूद नाही, म्हणाला. मास्तरनं सांगितलं की सगळं नाही, तांब्याच्या तळाएवढं. कारकुनानं हळू आवाजात विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मास्तरनं मग खरं काय ते सांगितलं, सासू, नेम, निर्जळी, बारसं. सासू म्हटल्यावर कारकून उठला. त्यालाही सासू होती. तोच बाहेर येऊन म्हणाला, आमच्या कागदावर सगळं पाणी एकच आहे. कुठलं कुठून येतं हे हवं तर चावीवाल्या भरमूला विचारा.

भरमू टाकीच्या पायऱ्यांवर तंबाखू मळत बसला होता. त्यानं एकदाही न हसता ऐकून घेतलं. कॅम्पातल्या इतक्या साहेबांनी त्याला पाणी कधी सोडणार एवढंच विचारलं होतं. कुठलं सोडतोस, असं विचारणारा हा पहिलाच. तो म्हणाला, मास्तर, दोन जागा हाईत. एक तळं, मैलभर. दुसरी मोठी हिर, त्याच्या उलट्या अंगाला. एक दिवस तळ्याचं येतं, एक दिवस हिरीचं. पन कवा कवा तळ्यावरचा पंप दमतो, मग हिरीचंच. कुठल्या दिवशी कुठलं, ते मला बी सकाळी तिथं गेल्याबिगर कळत न्हाय.

मास्तर हे घेऊन घरी आला तेव्हा त्याचा चेहरा हरलेल्याचा होता. दोन जागा. रोज बदलणाऱ्या.

चंपाबाईचा चेहरा मात्र उजळला. ती म्हणाली, मग अडलंय कुठं?

अकराव्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. तिनं मूठभर तुरीची डाळ चुलीवर चढवली आणि वाट पाहत बसली. ओठ चिकटले होते, पण तिनं घाई केली नाही. हिरीचं जड पाणी असेल तर डाळ टणक राहते, तळ्याचं हलकं असेल तर उमलते, हे तिला चाळीस वर्षांचं ठाऊक. मास्तरही शेजारी बसला, पेला आणि लिटमस घेऊन, आपल्या परीनं. डाळ उमलली. मास्तरचा पेला एका थेंबात लाल झाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तळं," दोघंही म्हणाली.

चंपाबाईनं पाणी गाळलं, जिवाणी दुसऱ्या तांब्यात घेतली, फडकं बांधलं आणि तांब्या जावयाच्या हातात दिला. मास्तर निघाला. ती तशीच बसून राहिली. तो मैलभर सायकल मारून, तळ्याच्या काठी वाकून, तांब्या पाण्याच्या अंगाशी नेऊन हळूच उपडा करून परत आला, धोतराचा काठ ओला दाखवला, तेव्हा तिनं पेला तोंडाला लावला. सगळा पेला एका दमात. मग म्हणाली, पाणी बेचव आहे. वहीत लिहिलेलं बरोबर आहे.

बारसं झालं. नाव ठेवायला चंपाबाई बसली, आडवी नाही. आदल्या दोन दिवसांचं तिनं कुणाला काही सांगितलं नाही, त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं. राजाबाईनं तिला विचारलं की तळ्याची जिवाणी तळ्यात, हिरीची हिरीत; चुकून उलटी गेली तर काय होतं? चंपाबाई म्हणाली, लष्करात तुमच्या मालकाला उलट्या पलटणीत सोडलं तर काय होतं?

तेराव्या दिवशी ती निपाणीला निघाली. रिकाम्या घागरी टपावर गेल्या, तांब्या मांडीवर. मोटारीत तोच ड्रायव्हर. त्यानं तांब्याकडे पाहिलं आणि वाटेत एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही. घरी पोचल्यावर लुगडं न बदलता ती परसात गेली, हिसक्यानं उपडी होणारी कडीची बादली घेतली, तांब्या तीत रिता करून दोर पाण्यापर्यंत सोडला आणि एक हिसका दिला. विहिरीच्या पाण्यावर गोल उठलं आणि मिटलं. सगळी पोचली. मग तिनं चूल पेटवून आमटी केली. दोन बोटं चिच.

महिन्याभरानं ब्राह्मीचं कार्ड आलं. बाळ बरं आहे, मी बरी आहे. मालक अजून रोज सकाळी सायकलवर तांब्या घेऊन जातात, कधी तळ्याला, कधी हिरीला. मी विचारलं तर म्हणतात, व्यायाम म्हणून.

चंपाबाईनं उत्तर मुलाला लिहायला सांगितलं नाही. अर्ध्यावर सुटलेल्या दुसऱ्या बुकाच्या बळावर, स्वतःच्या हातानं, मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं. जावईबापूंना सांग, व्यायाम चांगला असतो. रिकाम्या हातानं करू नये.